वर्षाच्या आत

अर्ज कधी करायचा, एवढाच खरं तर प्रश्न होता. करायचा की नाही, हे माझ्यापुरतं ठरून गेलं होतं. बाहेरच्या राज्यातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजचा वर्षभराचा कोर्स होता, नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठी. प्रवेशाच्या दोन फेऱ्या. पहिली गणपती उठले की बंद व्हायची, दुसरी जानेवारीत. पहिल्या फेरीत जागा जास्त असतात म्हणे, दुसऱ्या फेरीत तयारीला वेळ मिळतो म्हणे. या 'म्हणे'वर माझं ते अख्खं वर्ष टांगलेलं होतं.

प्रवेश परीक्षेत मला मार्क पडले होते ते ना धड चांगले, ना धड वाईट. पुण्याच्या क्लासमधल्या मार्गदर्शक बाई फोनवर गोड आवाजात सांगायच्या, "पुन्हा परीक्षा द्या, दुसऱ्या फेरीत भरा. घाई करून काय मिळणार?" मी तेव्हा एका फौंड्रीत क्वालिटी बघत होते. ओतून आलेले लोखंडी पार्ट तपासायचे आणि खराब निघतील त्यांच्यावर लाल रंगाची फुली मारायची. आमचे साहेब म्हणाले होते, दिवाळीनंतर सेक्शन तुझ्याकडं देतो. सेक्शनची इन्चार्ज म्हणून अर्ज केला तर त्याला वजन येणार होतं. म्हणजे शहाण्या माणसानं थांबावं, असंच सगळीकडून दिसत होतं. मी शहाणी आहे असा माझा समज होताच.

घरात हे फक्त आई आणि आबांना माहीत होतं. आबा म्हणजे माझे आजोबा, पप्पांचे वडील. एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. गाड्यांच्या घरघरीवर आवाज चढवून चढवून त्यांचा घसा असा झाला होता की उचगावात आमच्या घरी ते चहा मागायचे तेव्हा शेजारची बाई ओट्यावर येऊन विचारायची, काय झालं? पप्पांना मी परीक्षा देते हे ठाऊक होतं, पण मला शब्दकोडी सोडवायचा नाद असावा तसं ते त्याकडं बघायचे. वाईट मनाचा माणूस नव्हे. त्यांची आई लहानपणीच गेली आणि थोरल्या बहिणीनं त्यांना वाढवलं, म्हणून आयुष्यात त्या बहिणीच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नाहीत. ती बहीण म्हणजे माझी आत्ती, नेसरीला दिलेली.

नागपंचमीच्या सुमारास आबांना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, अंगात पाणी साठतंय, गोळ्या चुकवू नका, मीठ-साखर कमी करा. एवढंच. पण आत्तीला फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन दारात उभी. आत आल्यावर तिनं आधी आबांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मला ती नजर तेव्हा कळली नाही. संध्याकाळी ती पप्पांशी बोलत बसली होती तेव्हा कळली.

"म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं? उद्या काय बरंवाईट झालं म्हंजे? वर्साच्या आत लगीन उरकाय पायजे, न्हायतर तीन वर्सं घरात मांडव घालता येत न्हाय. तीन वर्सांनी हिला कोण करून घेणार हाय?"

"हळू बोला की वन्सं, आबा ऐकतील," आई म्हणाली.

"ऐकू देत की. खोटं बोलालोय काय मी?"

खोटं नव्हतंच ते. आमच्याकडं घरातलं मोठं माणूस गेलं की लग्नाच्या वयाच्या पोरीला वर्षाच्या आत उजवून टाकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. कुठल्या पोथीत लिहिलंय हे मला कुणी दाखवलेलं नाही, पण या नियमापायी घाईघाईनं उरकलेली लग्नं माझ्या ओळखीत भरपूर आहेत. माझ्या एका मैत्रिणीचा आजा वारला तेव्हा ती रडत होती, ते आज्यासाठी नव्हे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आत्तीनं स्थळही आणलं होतं. राधानगरीकडचं घर, भातशेती, गोठ्यात म्हशी, मुलगा पुण्यात नोकरीला. त्यांची एकच अट, आता पुढं शिक्षण नको. झालंय की भरपूर.

त्यानंतर घरात जो पाहुणा येई तो तेच करी. आधी आबांकडं बघायचा, मग माझ्याकडं. चुलतचुलते, मावश्या, पप्पांचे मित्र. आबांचे किती दिवस उरलेत याचा अंदाज घ्यायचे आणि त्यातून माझे दिवस वजा करायचे. मला या लोकांचा इतका राग यायचा की चहाची कपबशी मी त्यांच्यापुढं आपटायचे. पण खरं सांगायचं तर तोच हिशोब मीही मांडायला लागले होते. पहिल्या फेरीत अर्ज केला तर निकाल दिवाळीनंतर. दुसऱ्या फेरीचा थेट उन्हाळ्याच्या तोंडावर. तोवर आबा राहतील का? माझ्या शिक्षणाची तारीख आबांच्या छातीवर लिहिलेली होती आणि मी ती वाचायचा प्रयत्न करत होते. आपल्या माणसाकडं असं बघायला लागलं की त्याच्या शेजारी बसून नीट जेवतासुद्धा येत नाही.

गणपतीच्या आधी मी आबांनाच विचारलं. "आबा, आत्ता भरू का अर्ज? का थांबू?"

"तुला काय वाटतंय?"

"थांबले तर चांगला होईल. पुन्हा परीक्षा देता येईल."

"मग थांब की. गडबड कशापायी? मी काय कुठं जात न्हाय." आणि हसले.

त्या दिवसापासून आबा सुधारायला लागले. दिवसभर पडून असायचे ते खुर्चीत बसायला लागले. सकाळी इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. पाहुणा आला की खुर्चीतूनच खणखणीत आवाजात, "या पावणं! बसा!" पाहुणा खूश. रात्रीदेखील ते खुर्चीतच डुलकी घेतात, पलंगावर जायला नको म्हणतात, असं आई म्हणाली. आम्हाला वाटलं, लहर. आत्ती पंधरवडाभर राहून बघून गेली. "ठणठणीत झालाय म्हातारा," असं म्हणत तिनं राधानगरीवाल्यांना दिवाळीनंतर बघू म्हणून कळवलं. गणपती उठले, पहिली फेरी बंद झाली. मी अर्ज केला नाही. त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की मी येताना आबांसाठी बिनसाखरेचे पेढे शोधत महाद्वार रोडभर फिरले.

पण काही गोष्टी डोळ्यांत खुपायच्या. आबा टीव्ही मोठ्यानं लावायला लागले. बातम्यांचं चॅनल, जिथं चौघं एकदम ओरडत असतात तसलं. आम्ही समजलो, कानानं कमी यायला लागलं. पण मी स्वयंपाकघरातून हळू आवाजात आईशी बोलले तरी त्यांना बरोबर ऐकू जायचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते पायमोजे घालून बसायचे. "पाय गार पडत्यात," म्हणायचे. आणि ते "या पावणं! बसा!" झालं की पुढं एक शब्द बोलायचे नाहीत, नुसती मान हलवायचे. त्यांच्यात एका वाक्यापुरताच श्वास उरलाय, हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. रोज लोखंडाच्या पोटातली पोकळी हुडकून काढणारी मी, माझ्याही नाही. भाऊबीजेला आत्ती आली तेव्हा तिला सोडायला ते फाटकापर्यंत चालत गेले आणि परत येताना भिंतीला हात लावून उभे राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "भिंतीचा रंग बगालोय. पोपडे सुटल्यात."

मग तो दिवस आला. कारखान्याला सुट्टी होती. आई बचत गटाच्या बैठकीला, पप्पा त्यांच्या लेथच्या दुकानात. मी वरच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करत बसले होते, खाली टीव्हीवर चौघं भांडत होते. दुपारी अचानक लाईट गेली. टीव्ही अर्ध्या शब्दावर तुटला.

आणि टीव्हीखाली इतके दिवस जे दडलं होतं ते वर आलं. आधी मला कळेना कसला आवाज आहे. ओलं कापड दगडावर घासल्यासारखा, थांबून थांबून. त्यात मध्येच एक कण्हणं. जिना उतरतानाच मला समजलं होतं. आबा खुर्चीत पुढं वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं, खांदे वर-खाली होत होते. रिमोट हातातच. ते पुन्हा पुन्हा बटण दाबत होते.

मी खाली बसून त्यांचे मोजे ओढले. निघेनात. निघाले तेव्हा पाय बघून मला भडभडून आलं. भिजवलेल्या कणकेसारखे फुगलेले, बोट लावलं तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. त्यांना आडवं होता येत नव्हतं, आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून ते रात्रंदिवस खुर्चीत. आणि आम्ही म्हणत होतो, आबा आता उठून बसतात.

"सांगू नगंस," आबा म्हणाले. "कुणाला... सांगू नगंस."

"कधीपासून चाललंय हे?"

"तुझी फेरी... जानेवारीत हाय न्हवं? तवर काढतो की मी."

"काय काढताय आबा? जीव?" मी किंचाळलेच. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"दवाखान्यात घातलासा... की समदी येतील. लगीन लावतील तुझं."

मला तेव्हा दोन गोष्टी अगदी स्वच्छ दिसत होत्या. गप्प बसले तर माझा अर्ज जाईल आणि आबा त्या खुर्चीत बसल्या बसल्या मरतील. बोलले तर कदाचित वाचतील आणि माझं वर्ष जाईल, कदाचित सगळीच वर्षं जातील. ते माझा हात धरून नको नको म्हणत होते आणि मी दुसऱ्या हातानं पप्पांना फोन लावला.

दवाखान्यात अंगातलं पाणी काढलं, नाकाला नळी लावली. डॉक्टर पप्पांवर उखडले, इतके दिवस काय करत होता म्हणून. आबा म्हणाले होते तसंच झालं. समदी आली. "काळ आलता, पण वेळ आली न्हवती," असं जो तो म्हणायचा, आधी त्यांच्याकडं आणि मग माझ्याकडं बघून. राधानगरीवालेसुद्धा फळं घेऊन आले. मुलाची आई मला डोक्यापासून पायापर्यंत बघत म्हणाली, "लई सेवा करते पोरगी." आबा माझ्याशी बोलत नव्हते. मी चमचा पुढं केला की तोंड भिंतीकडं करायचे. नर्सला म्हणाले, "ही लई चुगलखोर हाय. हिच्या हातनं नगं."

आत्ती रात्रीची पथारी तिथंच टाकून होती. तिनं आणि पप्पांनी ठरवलं, आता थांबायचं नाही. म्हातारा नाकाशी सूत धरून आहे तोवर करून टाकू. आणि मी? मी दवाखान्याच्या जिन्यात बसून मोबाईलवर दुसऱ्या फेरीचा अर्ज भरला. पुन्हा परीक्षा नाही, सेक्शन हातात नाही, ते जुनेच मार्क. अर्जात विचारलं होतं, तुम्ही घेतलेल्या एका अवघड निर्णयाबद्दल लिहा. मला हसू आलं, मोठ्यानं, इतकं की वॉर्डबॉयनं वळून बघितलं. मग मी फौंड्रीत एका पुरवठादाराकडून येणारी साच्यांची खराब वाळू कशी बंद केली यावर छान पान लिहून दिलं आणि पाठवलं. इतके महिने ज्याचा खल केला ते 'कधी' असं जिन्यात, चहाच्या कागदी कपाशेजारी आटोपलं.

आबा घरी आले ते निम्मे होऊन. आणि आल्या आल्या, बाहेरच्या खोलीत सगळे असताना, त्यांनी तोंड उघडलं.

"सांगून ठेवतो. माझ्यामागं तीन वर्सं ह्या घरात मांडव घालायचा न्हाय. वर्साच्या आत बित काय न्हाय. तीन वर्सं."

मला क्षणभर लागला. मग कळलं, त्याच रिवाजाची दुसरी बाजू त्यांनी माझ्यासाठी धरली होती. गेल्यावर तीन वर्षं. त्यांचं म्हणणं कुणी मोडू शकणार नव्हतं, जाणाऱ्या माणसाचा शब्द होता तो. पण आत्तीनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "व्हय की. तुमचा शबुद कोण मोडंल? मग तुमी हाईसा तवरच उरकू. तुमच्या हातनं अक्षता पडू देत."

डाव आबांवरच उलटला होता. आता ते जितके दिवस काढतील तितके दिवस लग्न घडवून आणायला मिळणार, आणि ते गेले की मी तीन वर्षं मोकळी. घरातल्या कुणीही हे असं बोलून दाखवलं नाही. पण त्या दिवसापासून आबा माझ्याकडं बघायला लागले की मी काहीतरी काम काढून उठायचे.

शिमग्याच्या आत लग्न, येत्या रविवारी राधानगरीवाले सुपारी फोडायला येणार, असं ठरलं. त्याच आठवड्यात कॉलेजचा मेल आला. मुलाखतीला बोलावलं होतं. मी फक्त आबांना सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची माझी छाती नव्हती. ते पुन्हा माझ्याशी बोलायला लागले होते. "बरं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायावर पुन्हा सूज दिसली. तिसऱ्या दिवशी धाप वाढली. गोळ्या मीच द्यायचे, सकाळ-संध्याकाळ, समोर उभी राहून. मग कपडे भिजवताना त्यांच्या शर्टाच्या खिशात मला पांढरा चिखल लागला. अर्धवट विरघळलेल्या गोळ्या.

संध्याकाळी मी गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली, पाणी दिलं आणि तिथंच थांबले.

"गिळली?"

मान हलली.

"तोंड उघडा."

उघडलं नाही. मी त्यांच्या गालाला हात लावला तर ते लहान पोरासारखे मान फिरवायला लागले. मग त्यांनी गोळी तळहातावर काढली.

"रविवारी सुपारी हाय न्हवं," ते म्हणाले. "हुईत न्हाय बग. मी बगतो."

मला त्या क्षणी आबांची भीती वाटली. खरंच भीती. शर्टाच्या बाहीनं ओठ पुसत ते इतक्या शांतपणे बोलत होते.

"तुमच्या जिवावर मला कॉलेज नको," मी म्हणाले.

"मग कुणाच्या जिवावर पायजे?" आबांचा आवाज चढला, त्या फुटक्या छातीतून कसा चढला कोण जाणे. "बापाला सांगितलंस? न्हाय. आत्तीला सांगितलंस? न्हाय. समदं माझ्याच उरावर. जगायचं ते तुझ्यासाठी, मरायचं ते बी तुझ्यासाठी. मी माणूस हाय का पंचांग?"

अपमान झाल्यासारखे कान तापले होते. आणि ते खरं बोलत होते.

"सांगते," मी म्हणाले. "आधी गोळी घ्या. मग जाऊन सांगते."

"आधी सांग," आबा म्हणाले. त्यांनी मूठ मिटली. "मग गोळी."

बाहेरच्या खोलीत पप्पा आणि आत्ती भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेऊन बसले होते. आत्तीच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आई दारात भाजी निवडत होती. मी मध्ये जाऊन उभी राहिले आणि काहीतरी पुटपुटले.

"काय?" पप्पांनी वर बघितलं.

दुसऱ्यांदा बोलले ते आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "रविवारी त्यांना येऊ नका म्हणून कळवा. मला कॉलेजनं मुलाखतीला बोलावलंय. मी जाणार हाय. आबा असोत नायतर नसोत, मी ह्या वर्षी लग्न करणार न्हाय."

आत्ती उठून उभी राहिली. कॅलेंडर खाली पडलं. "काय बोलालीस? आबांची ही दशा आणि तू..." तिचा हात वर गेला होता, मारायला की छाती पिटायला, मला अजून सांगता येत नाही. आईच्या हातातली मेथीची जुडी तशीच. पप्पांनी बहिणीकडं बघितलं नाही, माझ्याकडंही बघितलं नाही. खाली वाकून त्यांनी कॅलेंडर उचललं आणि त्याची दुमडलेली पानं एकेक करून सरळ करत बसले. ते हो म्हणणार की उठून माझ्या अंगावर येणार, काहीच कळत नव्हतं. मी तिथून हलले नाही.

मग आतून आबांची हाक आली.

"पाणी आण गं!"